रीबूट झाला की नेटवर्क गायब: लिनक्सवर इंटरफेस आपोआप सुरू का होत नाही आणि हवा तेव्हाच हाताने कसा सुरू करायचा

लक्षण नेहमीचेच आहे. मशीन चालू असते तोवर सगळे ठीक. रीबूट झाला की एखादे नेटवर्क कार्ड मुकाट पडून राहते, त्याला आयपी पत्ता नसतो. तुम्ही टर्मिनल उघडून एक कमांड देता, कार्ड लगेच जागे होते, काम पुढे सरकते. पुढच्या रीबूटला पुन्हा तेच. एका कमांडने काम भागते म्हणून मूळ कारण शोधायचे राहून जाते.

माझ्याकडे हे कित्येक महिने चालले होते. मशीनला दोन कार्डे होती. एक रोजच्या वापराचे, दुसरे फक्त रात्रीच्या बॅकअपसाठी. वीज गेली किंवा कर्नल अपडेट झाला की दुसरे कार्ड बंद राहायचे. मी ‘इफअप’ ही कार्ड सुरू करणारी कमांड द्यायचो आणि विसरून जायचो. मग एकदा रीबूट माझ्या नकळत झाला. एक जुनी फाइल परत हवी होती म्हणून बॅकअप उघडला, तर शेवटचा बॅकअप अकरा दिवसांपूर्वीचा. फाइल गेली ती गेलीच. त्या दिवशी बसून हा प्रश्न मुळापासून सोडवला, आणि त्यानंतर इतरांच्या मशीनवरही हाच गोंधळ वेगवेगळ्या रूपांत पाहिला. ते सगळे इथे एकत्र मांडतो आहे. कमांड आणि फाइलींची नावे देवनागरीत लिहिली आहेत, टर्मिनलवर ती नेहमीच्या रोमन अक्षरांतच टाकायची.

‘मॅन्युअल’ या शब्दापासून सावध

निम्मा गोंधळ या एका शब्दाने होतो. इंटरफेसच्या, म्हणजे सिस्टिमला दिसणाऱ्या नेटवर्क कार्डाच्या बाबतीत तीन प्रश्न वेगवेगळे असतात: त्याचा कारभार कोण पाहतो, तो केव्हा सुरू व्हायचा, आणि त्याला पत्ता कुठून मिळायचा. ‘मॅन्युअल’ हा शब्द मात्र प्रत्येक साधनात वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर म्हणून वापरला आहे.

डेबियनच्या इफअपडाउन या साधनात ‘आयफेस ईएनपी३एस० आयनेट मॅन्युअल’ लिहिले, तर त्याचा अर्थ एवढाच की या इंटरफेसला पत्ता देऊ नका. बूटला सुरू व्हायचा की नाही, याच्याशी त्या शब्दाचा काडीचा संबंध नाही. वर ‘ऑटो’ची ओळ असेल तर असा इंटरफेस बूटला खुशाल सुरू होतो, फक्त पत्त्याविना. ब्रिज किंवा बाँडमध्ये (कार्डे एकत्र जोडण्याच्या रचनांमध्ये) घालायच्या कार्डांसाठी हेच हवे असते. नेटवर्कमॅनेजरमध्ये ‘आयपीव्ही४.मेथड मॅन्युअल’ म्हणजे बरोबर उलटे: पत्ता मी लिहून देतो, तोच लावा. आपण ज्याला स्टॅटिक आयपी म्हणतो ते हे. आणि सिस्टिमडी-नेटवर्कडीमध्ये ‘ॲक्टिव्हेशनपॉलिसी=मॅन्युअल’ लिहिले तरच अर्थ होतो, ‘इंटरफेस तुम्ही सुरू करू नका, मी करीन.’

म्हणून कुठल्या तरी उत्तरात ‘मॅन्युअल करा’ असे वाचून ती ओळ स्वतःच्या फाइलीत चिकटवण्याआधी ती कोणत्या साधनासाठी आहे ते बघा. इफअपडाउनमधले ‘मॅन्युअल’ हाताने सुरू करायच्या इच्छेने लिहून आपला स्टॅटिक पत्ता घालवून बसलेले मी दोघे-तिघे तरी पाहिले आहेत.

आधी कार्डाची अवस्था वाचा

फाइलींना हात लावण्यापूर्वी, इंटरफेस बंद असतानाच ही कमांड द्या:

आयपी -बीआर लिंक

प्रत्येक इंटरफेसची एक ओळ येते: नाव, अवस्था, मॅक पत्ता (कार्डाचा ओळख क्रमांक) आणि शेवटी कोनी कंसांत काही झेंडे. बहुतेक जण दुसऱ्या रकान्यात ‘डाउन’ वाचून थांबतात. खरी बातमी शेवटच्या कंसात असते. माझ्या मशीनवर ती ओळ अशी होती:

ईएनपी४एस० डाउन <ब्रॉडकास्ट, मल्टिकास्ट>

या कंसात ‘अप’ नाही. म्हणजे बूटपासून आतापर्यंत या कार्डाला ‘ऊठ’ असे कोणी सांगितलेलेच नाही. दोष सेटिंगमध्ये आहे. आता त्याच कार्डाची केबल काढून, पण कार्ड सुरू करून पाहिले तर ओळ अशी येते:

ईएनपी४एस० डाउन <नो-कॅरिअर, ब्रॉडकास्ट, मल्टिकास्ट, अप>

अवस्थेच्या रकान्यात इथेही ‘डाउन’च आहे, पण कंसात ‘अप’ आहे आणि ‘नो-कॅरिअर’ही. म्हणजे सिस्टिमने तिचे काम केले, पलीकडून सिग्नल येत नाही. केबल, स्विचचा पोर्ट किंवा बंद पडलेला स्विच बघायचा. इथे सेटिंगच्या फाइली कितीही बदलल्या तरी काही होणार नाही. तिसरी शक्यता अशी की अवस्था ‘अप’ आहे, पण ‘आयपी -बीआर ए’ दिल्यावर पत्त्याच्या जागी काहीच नाही. मग बूटचा नव्हे, डीएचसीपीचा (राउटरकडून आपोआप पत्ता मिळण्याच्या पद्धतीचा) किंवा पत्त्याच्या ओळीचा दोष. आणि इंटरफेसचे नावच यादीत नसेल तर ड्रायव्हर किंवा बदललेले नाव, त्याकडे पुढे येतो.

हा एक कंस नीट वाचला तर अर्धा दिवस वाचतो. मी पहिल्या दिवशी तो वाचला नव्हता आणि केबल दोनदा बदलली होती.

कारभारी कोण?

एका मशीनवर नेटवर्क सांभाळणारी साधने एकाहून जास्त असू शकतात, आणि एका फाइलीत लिहिलेले दुसरे साधन वाचतही नाही. म्हणून विचारून घ्या:

सिस्टिमसीटीएल इज-ॲक्टिव्ह नेटवर्किंग नेटवर्कमॅनेजर सिस्टिमडी-नेटवर्कडी

उत्तरात नावे येत नाहीत, त्याच क्रमाने तीन ओळी येतात. ज्याच्या ओळीत ‘ॲक्टिव्ह’ येईल तो कारभारी. दोघांच्या ओळींत आले तर कोणता इंटरफेस कोणाकडे आहे ते वेगळे पाहावे लागते. ‘एनएमसीएलआय डिव्हाइस’ दिल्यावर एखाद्या कार्डापुढे ‘अनमॅनेज्ड’ दिसले, तर नेटवर्कमॅनेजरने ते सोडून दिले आहे. ‘नेटवर्कसीटीएल’च्या यादीत ‘अनमॅनेज्ड’ दिसले, तर नेटवर्कडीनेही. डेबियनमध्ये हे अनेकदा एका साध्या कारणाने होते: /ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस या फाइलीत ज्या कार्डाचे नाव आहे त्याला नेटवर्कमॅनेजर मूळ सेटिंगनुसार हात लावत नाही. तुम्ही डेस्कटॉपच्या खिडकीत बसून ‘आपोआप जोडा’ला खूण करत राहता, आणि ते कार्ड त्या जुन्या फाइलीतल्या एका ओळीने अडवून ठेवलेले असते. ती ओळ काढा, नेटवर्कमॅनेजर पुन्हा सुरू करा, कार्ड त्याच्या ताब्यात येते.

एका कार्डाला एकच कारभारी ठेवा. दोघांनी एकाच कार्डावर डीएचसीपी चालवला की कधी एक पत्ता, कधी दोन, कधी डिफॉल्ट रूट (बाहेर जाण्याचा मार्ग) चुकीचा असे रोग होतात आणि ते प्रत्येक बूटला वेगळे दिसतात.

इफअपडाउन: ऑटो, अलाउ-हॉटप्लग आणि काहीच नाही

माझे मशीन डेबियनचे, म्हणून या भागात मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. /ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस फाइलीत एका इंटरफेससाठी साधारण असे असते:

ऑटो ईएनपी४एस०
आयफेस ईएनपी४एस० आयनेट डीएचसीपी

‘आयफेस’ची ओळ सांगते की इंटरफेस कसा सुरू करायचा. केव्हा, ते पहिली ओळ सांगते. बूटच्या वेळी नेटवर्किंग ही सेवा ‘इफअप -ए’ चालवते आणि ते फक्त ‘ऑटो’ लिहिलेल्या इंटरफेसांना सुरू करते. पहिली ओळ काढली की कार्ड बूटला स्वस्थ बसते आणि ‘इफअप ईएनपी४एस०’ दिल्यावर बिनतक्रार सुरू होते. हाताने चालते पण बूटला नाही, या तक्रारीचे डेबियनवरचे सर्वांत साधे कारण हेच. तुम्हाला मुद्दाम हाताने सुरू करायचा असेल तरी करायचे एवढेच: ‘ऑटो’ची ओळ काढायची, बाकी तसेच ठेवायचे.

मग माझ्या फाइलीतली ती ओळ गेली कुठे? मीच काढली होती. सुरुवातीला ते कार्ड डीएचसीपीवर होते. वीज परत आली की मशीन लवकर उठायचे, त्या बाजूचा स्विच आणि राउटर उशिरा. बूट ‘रेझ नेटवर्क इंटरफेसेस’ या ओळीवर अडकून राहायचा. डेबियनच्या नेटवर्किंग सेवेला यासाठी ५ मिनिटांची मुदत असते. ते थांबणे नको म्हणून मी ‘ऑटो’ काढला. काही दिवसांनी त्या कार्डाला स्टॅटिक पत्ता दिला, म्हणजे थांबण्याचे कारणच संपले. पण ‘ऑटो’ परत टाकायचा राहिला. तात्पुरता केलेला उपाय कायमचे दुखणे होऊन बसला.

डीएचसीपी ठेवायचाच असेल आणि बूटही अडकायला नको असेल, तर ‘ऑटो’ऐवजी ‘अलाउ-हॉटप्लग ईएनपी४एस०’ लिहा. मग बूट त्या कार्डासाठी अडून बसत नाही. कर्नलने कार्ड ओळखले की यूडेव्ह (हार्डवेअर आल्याची दखल घेणारी सेवा) त्याच्यासाठी स्वतंत्रपणे इफअप चालवतो आणि बाकी बूट पुढे जातो.

‘हॉटप्लग’ या नावामुळे एक गैरसमज पक्का बसला आहे. लोकांना वाटते, केबल लावली की इंटरफेस सुरू होईल, काढली की बंद. तसे नाही. इथे ‘प्लग’ होते ते कार्ड, केबल नव्हे. यूएसबीचे नेटवर्क कार्ड लावले की हे काम करते. मदरबोर्डवरच्या कार्डासाठी ही घटना बूटच्या वेळी एकदाच घडते. केबल नंतर जोडली म्हणून इफअप पुन्हा चालत नाही. केबलवर लक्ष ठेवणारा कारभारी हवा असेल तर नेटवर्कमॅनेजर किंवा नेटवर्कडी वापरा, ते दोघेही केबल आल्या-गेल्याची दखल घेतात.

दुसरा खड्डा खोल आहे. इफअपडाउनच्या जुन्या आवृत्त्यांत ‘सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट नेटवर्किंग’ दिले की सगळे इंटरफेस खाली येतात, आणि वर मात्र फक्त ‘ऑटो’वाले जातात. ‘अलाउ-हॉटप्लग’वाले कार्ड खालीच राहते. तुम्ही एसएसएचने दुरून त्याच कार्डावरून जोडलेले असाल तर तिथेच हात टेकावे लागतात. म्हणून त्या मशीनवर पूर्ण सेवा रीस्टार्ट करण्याऐवजी ज्या कार्डाचे काम आहे तेवढ्याचे इफडाउन आणि इफअप एकाच ओळीत, एकापाठोपाठ द्या.

आणि एक. इफअप कधी कधी म्हणतो, ‘इंटरफेस आधीच सुरू आहे’, आणि समोर तो बंद दिसत असतो. इफअप कार्डाकडे बघत नाही, /रन/नेटवर्क/इफस्टेट या आपल्या वहीत बघतो. कोणी ‘आयपी लिंक सेट डाउन’ने परस्पर कार्ड बंद केले असेल तर वहीत त्याची नोंदच नसते. आधी इफडाउन, मग इफअप, म्हणजे वही आणि वस्तुस्थिती जुळते. ही वही मेमरीत असते, रीबूटला पुसली जाते, त्यामुळे बूटच्या दोषाशी तिचा संबंध जोडू नका.

नेटवर्कमॅनेजर: प्रोफाइल एक नाही, दोन असतात

इथे इंटरफेस नव्हे, प्रोफाइल सुरू होते. बूटला सुरू व्हायचे की नाही ते प्रोफाइलच्या ‘कनेक्शन.ऑटोकनेक्ट’ या एका किल्लीवर ठरते:

एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय बॅकअप कनेक्शन.ऑटोकनेक्ट नो

असे दिले की ‘बॅकअप’ नावाचे प्रोफाइल फक्त ‘एनएमसीएलआय कनेक्शन अप बॅकअप’ म्हटल्यावर सुरू होईल. ‘यस’ दिले की आपोआप. इतके सरळ असूनही ते बिघडते, आणि माझ्या पाहण्यात सर्वाधिक वेळा बिघडते ते एकाच कार्डासाठी दोन प्रोफाइल असल्याने. एक तुम्ही नीट स्टॅटिक पत्ता देऊन बनवलेले, दुसरे इन्स्टॉलेशनच्या वेळी आपोआप तयार झालेले ‘वायर्ड कनेक्शन १’. बूटला दुसरे पुढे सरसावते, कार्डाला डीएचसीपीचा पत्ता मिळतो आणि तुम्ही म्हणता, माझे सेटिंग रीबूटला पुसले गेले. पुसले गेलेले नसते, ते वापरलेच गेलेले नसते. ‘एनएमसीएलआय कनेक्शन’ दिल्यावर यादीत नको असलेले प्रोफाइल दिसेल. ते काढून टाका, किंवा ठेवायचेच असेल तर आपल्या प्रोफाइलची ‘ऑटोकनेक्ट-प्रायॉरिटी’ वाढवा. आकडा मोठा त्याचा मान पहिला.

वायफाय लॉगिन केल्यावरच जोडले जाते, त्याआधी नाही, ही तक्रारही इथलीच. कारण बहुधा असे असते की पासवर्ड फक्त त्या वापरकर्त्याच्या किल्ल्यांच्या कोशात ठेवलेला असतो. लॉगिनपूर्वी तो कोश कुलूपबंद, मग नेटवर्कमॅनेजर तरी काय करणार? प्रोफाइलमध्ये ‘पीएसके-फ्लॅग्स’ ० करून पासवर्ड पुन्हा भरा, म्हणजे तो सिस्टिमच्या फाइलीत राहतो. शिवाय प्रोफाइल एकाच वापरकर्त्यापुरते राखून ठेवलेले नाही ना, तेही ‘कनेक्शन.परमिशन्स’मध्ये बघा. ते रिकामे हवे.

प्रोफाइलची फाइल हाताने बनवून /ईटीसी/नेटवर्कमॅनेजर/सिस्टिम-कनेक्शन्समध्ये टाकली असेल, तर तिचा मालक रूट (प्रशासक) आणि परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) हवी. परवानगी सैल असेल तर ती फाइल वापरली जात नाही. लॉगमध्ये एक ओळ येते, पडद्यावर काहीच येत नाही.

वीज गेल्यावरचा माझा प्रसंग इथेही घडू शकतो. डीएचसीपीचे उत्तर येण्यासाठी नेटवर्कमॅनेजर साधारण ४५ सेकंद थांबतो आणि मूळ सेटिंगनुसार ४ वेळा प्रयत्न करून काही काळ गप्प बसतो. राउटर सावकाश उठणारा असेल तर ‘कनेक्शन.ऑटोकनेक्ट-रिट्राइज’ ० करा. शून्य म्हणजे इथे ‘कधीच हार मानू नको’ असा अर्थ आहे.

रेड हॅट घराण्यात जुन्या मशीनवर /ईटीसी/सिसकॉन्फिग/नेटवर्क-स्क्रिप्ट्स या फोल्डरमध्ये प्रत्येक कार्डाची आयएफसीएफजी फाइल असते आणि तिच्यात ‘ऑनबूट=यस’ किंवा ‘नो’. सेंटओएस ७ कमीत कमी पॅकेजे घेऊन बसवताना इन्स्टॉलरमध्ये नेटवर्कची कळ चालू केली नाही, तर तिथे ‘नो’ राहायचे आणि पहिल्याच बूटला नेटवर्क नसायचे. अशी मशीन अजूनही चालू आहेत. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ पासून नवी प्रोफाइल नेटवर्कमॅनेजरच्या स्वतःच्या फाइलींत जातात, आणि १० मध्ये या जुन्या फाइली वाचल्याच जात नाहीत. जुन्या मशीनवरून फाइल उचलून नव्यावर ठेवली आणि काहीच घडले नाही, तर कारण हे.

नेटप्लॅन आणि नेटवर्कडी

उबुंटूत १७.१० पासून, म्हणजे ऑक्टोबर २०१७ पासून, सेटिंग /ईटीसी/नेटप्लॅनमधल्या यॅमल फाइलींत असते. नेटप्लॅन स्वतः काहीच सुरू करत नाही. तो त्या फाइली वाचून सर्व्हरवर बहुधा नेटवर्कडीसाठी आणि डेस्कटॉपवर नेटवर्कमॅनेजरसाठी सेटिंग लिहून देतो. त्यामुळे लॉग बघायचा तो त्या दोघांचा.

सेटिंग रीबूटला खरोखरच पुसले जाते, असे मी फक्त इथेच पाहिले. क्लाउडवरच्या मशीनवर ‘५०-क्लाउड-इनिट’ नावाची फाइल असते. तुम्ही ती बदलता, ‘नेटप्लॅन अप्लाय’ देता, सगळे चालते, आणि मग क्लाउड-इनिट (क्लाउडवरचे मशीन बूटला मांडून देणारे साधन) ती फाइल पुन्हा आपल्या मनाप्रमाणे लिहितो. फाइलीच्या डोक्यावरच तशी सूचना असते, पण ती कोणी वाचत नाही. उपाय असा: /ईटीसी/क्लाउड/क्लाउड.सीएफजी.डी फोल्डरमध्ये एक छोटी फाइल ठेवायची, तिच्यात ‘नेटवर्क’खाली ‘कॉन्फिग: डिसेबल्ड’ लिहायचे, आणि आपले सेटिंग वेगळ्या नावाच्या फाइलीत न्यायचे. फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात आणि नंतरची आधीच्या फाइलीवर मात करते, म्हणून नाव ९० किंवा ९९ ने सुरू केलेले बरे. यॅमलमध्ये टॅब चालत नाही, फक्त स्पेस. एक टॅब राहिला की फाइल वाचताच येत नाही.

बूट दोन मिनिटे ‘वेट फॉर नेटवर्क टू बी कॉन्फिगर्ड’वर थांबतो, ही तक्रार नेटवर्कडीची. त्याची वाट पाहणारी सेवा १२० सेकंद थांबते आणि तिच्या मते त्याच्या ताब्यातला प्रत्येक इंटरफेस तयार व्हायला हवा. ज्या पोर्टला केबलच नाही त्याची ती वाट बघत बसते. लोक चिडून ती सेवाच बंद करतात. मला ते पटत नाही, कारण मग ज्या सेवांना खरोखर नेटवर्क लागते त्या उघड्यावर पडतात. नेटप्लॅनमध्ये त्या एका इंटरफेसखाली ‘ऑप्शनल: ट्रू’ लिहा. थेट नेटवर्कडीची फाइल लिहीत असाल तर ‘लिंक’ विभागात ‘रिक्वायर्डफॉरऑनलाइन=नो’. हाताने सुरू करायचा इंटरफेस असेल तर त्याच विभागात ‘ॲक्टिव्हेशनपॉलिसी=मॅन्युअल’. मग लागेल तेव्हा ‘नेटवर्कसीटीएल अप’ आणि पुढे इंटरफेसचे नाव.

नावच बदलले तर

सेटिंग निर्दोष आहे, कारभारी एकच आहे, ‘ऑटो’ही आहे, तरी कार्ड सुरू होत नाही. अशा वेळी फाइलीतले नाव आणि ‘आयपी -बीआर लिंक’मधले नाव अक्षर-अक्षर जुळवून बघा. २०१३ मध्ये सिस्टिमडीच्या १९७ व्या आवृत्तीने ‘ईटीएच०’ जाऊन ‘ईएनपी३एस०’सारखी नावे आणली. हे नाव कार्ड ज्या जागी बसले आहे त्यावरून पडते: ‘पी३’ म्हणजे पीसीआयची क्रमांक ३ ची बस, ‘एस०’ म्हणजे स्लॉट शून्य. जागा तीच तर नाव तेच, हा त्याचा फायदा. पण मशीनमध्ये नवे ग्राफिक्स कार्ड किंवा एनव्हीएमई डिस्क बसवली की बसचे आकडे सरकू शकतात, आणि कालचे ‘ईएनपी३एस०’ आज ‘ईएनपी४एस०’ होते. तुम्ही हात लावला डिस्कला, आणि बंद पडले नेटवर्क. या दोन गोष्टींचा संबंध कोणाच्या लक्षात येत नाही.

कर्नलला ‘नेट.इफनेम्स=०’ देऊन जुनी नावे परत आणा, असा सल्ला सर्रास मिळतो. एकच कार्ड असेल तर चालेल. दोन असतील तर कोणते आधी सापडेल त्यावर ‘ईटीएच०’ ठरते, आणि एखाद्या बूटला अदलाबदल होऊ शकते. त्यापेक्षा मॅक पत्त्यावरून स्वतःचे नाव द्या. /ईटीसी/सिस्टिमडी/नेटवर्कमध्ये ‘१०-बॅकअप.लिंक’ अशी फाइल, तिच्यात ‘मॅच’ विभागात ‘मॅकॲड्रेस=’ आणि ‘लिंक’ विभागात ‘नेम=बॅकअप०’. नाव कर्नलच्या पठडीतले, म्हणजे ‘ईटीएच’ने सुरू होणारे देऊ नका, त्यातून झटापट होते. डेबियन आणि उबुंटूवर यानंतर ‘अपडेट-इनिटरामएफएस -यू’ द्यायला विसरू नका. यूडेव्ह बूटच्या अगदी सुरुवातीला इनिटरामएफएस या बूटच्या छोट्या प्रतिमेतूनच चालतो आणि त्यात जुनीच फाइल असेल तर नाव जुनेच पडते.

नेटवर्क आहे, पण सेवा आधीच पडली

कधी इंटरफेस वेळेवर सुरू होतो, पण त्यावर चालणारी सेवा बूटला पडते आणि हाताने सुरू केली की चालते. लॉगमध्ये ‘कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस’ दिसते. सेवा ज्या पत्त्यावर बसू पाहत होती तो पत्ता त्या क्षणी मशीनवर आलाच नव्हता. सेवेच्या युनिट फाइलीत (ती केव्हा, कशी सुरू करायची ते सांगणाऱ्या फाइलीत) ‘आफ्टर=नेटवर्क.टार्गेट’ असते आणि वाचणाऱ्याला वाटते, नेटवर्कनंतरच तर सुरू होते आहे. ‘नेटवर्क.टार्गेट’चा अर्थ एवढाच की नेटवर्क सांभाळणारे साधन सुरू झाले. पत्ता मिळाला, असा नव्हे. हवे ते ‘नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट’, आणि ते ‘आफ्टर’ आणि ‘वॉन्ट्स’ अशा दोन्ही ओळींत लिहावे लागते. नुसत्या ‘आफ्टर’ने ते टार्गेट ओढले जात नाही. मूळ फाइल न बदलता ‘सिस्टिमसीटीएल एडिट’ने वेगळी भर घाला, म्हणजे पॅकेज अपडेटला ती टिकते.

व्हीपीएनच्या इंटरफेसांचेही थोडक्यात इथेच सांगतो. वायरगार्ड या व्हीपीएनसाठी ‘सिस्टिमसीटीएल स्टार्ट डब्ल्यूजी-क्विक@डब्ल्यूजी०’ म्हणजे आत्ता सुरू, ‘इनेबल’ म्हणजे पुढच्या बूटपासून आपोआप. एक दिले म्हणून दुसरे होत नाही.

दुरून बदल करताना

एसएसएचवर बसून त्याच कार्डाचे सेटिंग बदलायचे असेल तर परतीची वाट आधी बांधून ठेवा. उबुंटूवर ‘नेटप्लॅन ट्राय’ वापरा. बदल लागू होतो, आणि तुम्ही १२० सेकंदांत एंटर दाबले नाही तर जुने सेटिंग परत येते. इतर ठिकाणी फाइल बदलण्यापूर्वी आधी ‘शटडाउन -आर +१०’ द्या, मग फाइलीला हात न लावता फक्त चालू सेटिंग बदलून बघा. तुटलात तर दहा मिनिटांत मशीन जुन्या फाइलीसह उठेल. चालले तर ‘शटडाउन -सी’ देऊन रीबूट रद्द करा आणि तोच बदल फाइलीत लिहा.

शेवटची चाचणी खऱ्या बूटचीच. सेवा रीस्टार्ट करून सगळे सुरू झाले म्हणजे बूटला होईलच असे नाही, कारण तेव्हा ड्रायव्हर भरलेला असतो, स्विच जागा असतो. मशीन पूर्ण बंद करून, शक्य असेल तर त्या बाजूचा स्विचही बंद करून, दोन्ही एकदम चालू करा. उठल्यावर ‘जर्नलसीटीएल -बी -यू’ आणि पुढे तुमच्या कारभाऱ्याचे नाव द्या, आणि पहिल्या मिनिटात काय घडले ते ओळीने वाचा.

माझ्या मशीनवर शेवटी बदल झाला तो एका ओळीचा: ‘ऑटो ईएनपी४एस०’ परत आला, आणि नंतर लिंक फाइलीने त्या कार्डाचे नाव ‘बॅकअप०’ केले तेव्हा इंटरफेसेस फाइलीतही दोन्ही ओळींत तेच लिहिले. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये मात्र आणखी एक तपासणी घातली. सुरुवातीलाच ती ‘आयपी -बीआर लिंक शो बॅकअप०’ बघते, आणि अवस्थेच्या रकान्यात ‘अप’ नसेल तर पुढे न जाता मला मेल पाठवते, त्या कोनी कंसासकट.